कुत्रं आणण्याआधी आपलं घड्याळ बघा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. वक्ते आपल्या बी विंगचे रहिवासी असून पशुधन विकास अधिकारी या पदावरून निवृत्त झाले आहेत. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला विषय दिला होता 'पाळीव प्राणी'. पाऊण तासात पोपटापासून कासवापर्यंत सगळं उरकणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. म्हणून मी परस्पर विषय छोटा करून घेतला. आज फक्त लहान चणीच्या, मिश्र जातीच्या कुत्र्याबद्दल बोलतो. कारण लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, अगदी गणपतीच्या आरतीच्या रांगेतसुद्धा मला विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, "डॉक्टरकाका, एक छोटंसं कुत्रं आणायचंय, कुठलं आणू?"

आधी एक सांगतो. माझी सगळी नोकरी गाई-म्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यात गेली. पण जुन्नर-आंबेगावच्या दवाखान्यांत कुत्रीही यायची. मळ्यातली यायची, मेंढपाळांची यायची, एसटी स्टँडवरचीही कुणीतरी उचलून आणायचं. त्यामुळे कुत्र्याच्या सौंदर्याविषयी मला फार कळत नाही. ते जगतं कसं आणि घरात नीट राहतं कसं, एवढंच कळतं. तेवढंच सांगेन.

आपण इथे राहायला आलो तेव्हाचं आठवतंय का कुणाला? ए विंगमध्ये दोन घरांत पांढरीशुभ्र, झुपकेदार शेपटीची कुत्री होती. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातल्या टफीला सगळ्या देशानं पाहिलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मध्यमवर्गीय घरात कुत्रं म्हणजे 'पॉमेरेनियन' असं समीकरण होतं. खरं तर आपल्याकडची ती बहुतेक सगळी कुत्री म्हणजे इंडियन स्पिट्झ. नातं जवळचं, पण जात वेगळी. पुढे पग आले, डॅशहंड आले, शित्झू आले. ही कुत्री फिरायला खाली उतरली, गल्लीतल्या गावठी मंडळींशी त्यांच्या ओळखी झाल्या, आणि त्यातून जी प्रजा झाली ती आज आपल्याला सगळीकडे दिसते. आखूड पाय, लांब पाठ आणि वर गावठी तोंड. नाहीतर अंग स्पिट्झचं आणि रंग तांबूस. एक कान उभा, एक पडलेला. यांना लोक 'क्रॉस' म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात. तो खाली आणायचं काही कारण नाही.

मुलांनो, अंतराळात जाऊन पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा पहिला सजीव कोण होता, माहितीये? लायका. बरोबर. ३ नोव्हेंबर १९५७, स्पुटनिक-२. ही लायका कोण होती? मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली, पाच-सहा किलो वजनाची, मिश्र जातीची भटकी कुत्री. रशियन शास्त्रज्ञांनी मुद्दाम रस्त्यावरची कुत्री निवडली, कारण थंडी आणि उपासमार त्यांनी आधीच सोसलेली होती. मुद्दाम लहान निवडली, कारण यानात जागा कमी. लायकाला परत आणायची सोयच नव्हती. बिचारी काही तासांतच उष्णतेनं गेली, आणि हे जगाला कळायला २००२ साल उजाडलं. त्या गोष्टीचा मला अजून राग येतो. पण १९६० च्या ऑगस्टमध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का वर गेल्या आणि सुखरूप परत आल्या. त्याही तशाच, लहान आणि मिश्र. स्ट्रेल्काला पुढे पिल्लं झाली, त्यातलं पुशिंका नावाचं पिल्लू १९६१ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी, केनेडींकडे, भेट पाठवलं. तेव्हा 'क्रॉस' कुत्रं व्हाइट हाउसमध्येही राहून आलेलं आहे. आपली सोसायटी त्याच्यापुढे काय!

हसा, पण आता उलट बाजूही सांगतो. "मिश्र जातीचं कुत्रं कधी आजारीच पडत नाही" असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. ते अर्धंच खरं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी सत्तावीस हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. चोवीस आनुवंशिक आजार घेतले होते. त्यातले दहा शुद्ध जातींत जास्त आढळले. एक, गुडघ्याचा स्नायुबंध तुटण्याचा, मिश्र कुत्र्यांत जास्त. आणि उरलेल्या तेरांत काही फरकच नाही! म्हणजे फायदा आहे, पण कवचकुंडलं नाहीत. पगचा अंश असलेल्या कुत्र्याचं नाक चपटं असेल तर ते उन्हाळ्यात घुरघुरणारच. डॅशहंडची लांब पाठ आली असेल तर सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, मणक्याला जपावं लागतं. आणि लहान चणीच्या कुठल्याही कुत्र्यात मागच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास आढळतो. चालता चालता एक पाय दोन-चार पावलं उचलून धरतं आणि मग काही झालंच नाही असं पळतं. लोकांना ती गंमत वाटते. दाखवून घ्या.

आता मूळ प्रश्न. कुठलं आणू?

मी उलट विचारतो, तुमचा दिवस कसा जातो? मला घराचा नकाशा नको, पगार नको. सकाळी पहिला माणूस कधी उठतो, घराला कुलूप किती वाजता लागतं आणि किती वाजता निघतं, एवढं कागदावर लिहा. दोघंही नोकरीला, मुलं शाळा आणि क्लास, कुलूप नऊ ते सहा. अशा घरात दोन महिन्यांचं पिल्लू आणणं म्हणजे त्या पिल्लावर अन्याय आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही शिक्षा. पिल्लाला लघवी धरता येत नाही. ढोबळ हिशोब असा, जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, तेही झालं तर. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून दमलं की, दर वेळी त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावं लागतं. हे करायला घरी कुणीतरी हवं. "शिकवलं तरी घाणच करतं" म्हणून नाक त्यात घासणारे लोक मी पाहिलेत. त्यातून पिल्लू एकच शिकतं, की माणूस बघत असताना करायचं नाही, सोफ्यामागे जाऊन करायचं.

दुसरा मुद्दा आकाराचा. मिश्र पिल्लू मोठं होऊन केवढं होईल, हे कुणीही, मीसुद्धा, खात्रीनं सांगू शकत नाही. पंजे मोठे म्हणजे कुत्रं मोठं, ही समजूत फार भरवशाची नाही. आई पाहायला मिळाली तर थोडा अंदाज येतो, पण बाप बहुधा गैरहजर असतो. चार महिन्यांच्या सुमारास लहान चणीचं पिल्लू आपल्या पुढच्या वजनाच्या जवळपास निम्मं भरलेलं असतं, त्यावरून थोडा हिशोब लागतो. पण दीड महिन्याचा कापसाचा गोळा दाखवून "साहेब, एवढंच राहील" म्हणणारा माणूस एकतर अडाणी, नाहीतर लबाड. आणि हो, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाईच आहे. त्याआधी आईपासून तोडलेलं पिल्लू चावणं किती जोरात हे शिकलेलं नसतं. ते धडे त्याला भावंडं देतात, आपण नाही देऊ शकत.

एक घर सांगतो. आपल्या सोसायटीतलं नाही, उगाच माना वळवू नका. मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी असंच 'एवढंच राहणारं' पिल्लू आणलं. वर्षात ते चौदा किलोचं झालं. दिवसभर गॅलरीत बांधलेलं, दिवसभर भुंकायचं. शेजारी भांडायला आले. मग एक दिवस कुत्रं दिसेना. विचारलं तर म्हणाले, "शेतावर सोडलं, तिकडे मजेत आहे."

मंडळी, मी अनेक वर्षं जुन्नर तालुक्यात काढलीत. शेतावर सोडलेल्या शहरी कुत्र्याचं काय होतं ते मला विचारा. पहिल्या दिवशी वस्तीवरची कुत्री त्याला हद्दीत घेत नाहीत. त्याला शिळी भाकरी शोधता येत नाही, विहिरीचा काठ कळत नाही, गाडीची भीती नसते. आणि उसात बिबट्या असतो. बिबट्याला गावाजवळ सगळ्यात सोपं मिळणारं खाणं म्हणजे कुत्रं. मळ्यातल्या जाणत्या कुत्र्यांनासुद्धा लोक रात्री आत घेतात, कुणी गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतं. तिथं हे पुण्याचं, बिस्कीट खाणारं पोर किती रात्री काढणार? 'शेतावर सोडलं' याचा अर्थ मला ठाऊक आहे, म्हणून मी आज एवढा घसा कोरडा करतोय. त्या मुलीला बाबांनी काय सांगितलं असेल, ते मला माहीत नाही. पण ती खाली खेळायला येताना आता तोंड पाडून येते, हे मी बघतो.

तेव्हा आकार महत्त्वाचा असेल, स्वभाव महत्त्वाचा असेल, घरात वेळ बेताचा असेल, तर पिल्लाच्या मागे लागू नका. मोठं झालेलं कुत्रं घ्या. निवारागृहांत तीन, चार, सहा वर्षांची लहान कुत्री असतात. घर बदललं, मालक परदेशी गेले, घरात बाळ झालं, अशी एक ना अनेक कारणं. त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. वजन दिसतं, आवाज ऐकू येतो, लहान मुलांना बघून शेपूट हलते की आत जाते तेही दिसतं. "मोठं कुत्रं आपल्याला लावून घेत नाही" हा समज काढून टाका. दोन-तीन आठवडे ते गप्प, कोपऱ्यात बसतं. मग एक दिवस आपल्या पायावर हनुवटी ठेवतं. मग झालं.

आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट सांगतो. त्यांनी स्वतःच सांगायला परवानगी दिली आहे, त्या इथं समोरच बसल्यात. काका गेल्यावर सहा महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या. वय बहात्तर, मुलगा कॅनडात. म्हणाल्या, "भावजी, घरात बोलायला कुणी नाही. एक पिल्लू आणते." मी म्हटलं, आधी दिवस लिहून आणा. त्यांनी आणला, शाळेतल्या बाईंच्या सुवाच्य अक्षरात. साडेपाचला उठणं, सव्वासहाला बाग, दहा ते बारा भजनी मंडळ किंवा बँक, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी पुन्हा खाली कट्ट्यावर. पूर्ण दिवसात घर तीन तासांहून जास्त बंद नाही. कुत्र्यासाठी याहून चांगलं घर नाही. पण पिल्लासाठी नाही. पिल्लू पायात पायात येतं, आणि बहात्तराव्या वर्षी पडणं म्हणजे काय, हे इथल्या निम्म्या मंडळींना ठाऊक आहे. शिवाय पिल्लू म्हणजे पंधरा वर्षांचा करार.

यावर काकूंनीच जो प्रश्न विचारला तो मला आवडला. "मी आधी गेले तर?" लोक हा प्रश्न टाळतात. अभद्र वाटतो. मला तो अभद्र वाटत नाही, हिशोबी वाटतो. आपण फ्लॅटचं नॉमिनेशन करतो, एफडीचं करतो, मग जे जिवंत आहे त्याचं का नको? काकूंनी साताऱ्याच्या पुतणीला विचारलं. ती फोनवर हो म्हणाली. काकू म्हणाल्या, "फोनवरचं नको, इथं येऊन दोन रात्री राहा, तिच्याबरोबर फिरून ये, मग सांग." पुतणी राहिली, मग हो म्हणाली, आणि ते एका कागदावर लिहून सेक्रेटरीबाईंकडे ठेवलंय. दवाखान्याचा नंबर, खाण्याच्या वेळा, औषधं, सगळं त्यात. शिवाय काकू चार दिवस आजारी पडल्या तर काय, म्हणून डी विंगमधली कॉलेजची मुलगी दर गुरुवारी तिला फिरवते. नुसती सवय राहावी म्हणून.

'तिला' म्हणालो, कारण आली ती टिंगी. सहा वर्षांची, सात किलोची, अंगानं स्पिट्झ, तोंडानं आपली गावठी. निवारागृहातलंच नाव ठेवलं. ज्या नावाला कुत्रं वळून बघतं ते कशाला बदलायचं?

टिंगीला पसंत करायला आम्ही तीनदा गेलो. एकदा सकाळी, एकदा जेवणाच्या वेळी, एकदा पाऊस पडताना. कारण पहिल्या भेटीत कुत्रंही परकं असतं आणि आपणही हरखलेले असतो. तुम्ही गेलात तर उभं राहून वाकू नका, जमिनीवर बसा आणि त्याला येऊ द्या. येताना सरळ डोळ्याला डोळा भिडवून नाही, बाजूनं आलं तर ते शहाणं. मी एक किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकतो. दचकलं तर हरकत नाही. दचकल्यावर किती वेळानं पुन्हा वास घ्यायला येतं, ते बघायचं. अर्ध्या मिनिटात आलं तर आपल्या कुकरच्या शिट्टीला आणि दिवाळीतल्या फटाक्यांना निदान थोडं तरी तोंड देईल. काकू हातात काठी घेऊन गेल्या होत्या. मुद्दाम. काठीला घाबरणारं कुत्रं असेल, कधी मार खाल्लेलं, तर काठी वापरणाऱ्या घरात ते सुखी होणार नाही. टिंगीनं काठीचा रबरी बूट हुंगला आणि सोडून दिला. तिथेच माझ्या मते निवड झाली.

घरी आणण्याआधी आपल्या इमारतीत एक गोष्ट बघायलाच हवी, ती म्हणजे गॅलरीची ग्रिल. पंचवीस वर्षांपूर्वी बिल्डरनं ज्या गजांतून मूल जाणार नाही अशा ग्रिल लावल्या, त्यातून पाच किलोचं कुत्रं आरामात जातं. कबुतर दिसलं की जातंच. जाळी लावा, मगच कुत्रं आणा. याला दुसरा पर्याय नाही.

खाण्याचं. पोळी-दूध हे आपल्याकडचं पारंपरिक कुत्र्याचं जेवण. त्यावर कुत्रं जगतं, पण नीट पोसलं जात नाही. प्रथिनं कमी पडतात, आणि मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचतच नाही, पातळ होतं. अंडं, उकडलेलं चिकन, काटे काढलेले मासे, थोडा भात, भोपळा-गाजर, हे चांगलं. शिजवलेलं हाड मात्र देऊ नका, त्याच्या किरच्या होतात. ज्यांच्या घरात अंडंही चालत नाही त्यांनी अंदाजानं न करता डॉक्टरला विचारून आहार ठरवावा, कुत्र्याला शाकाहारावर ठेवता येतं, पण काळजीपूर्वक. दुकानातलं कोरडं खाणंही वाईट नाही, फक्त पाकिटावरचं प्रमाण पाळा. आणि पुणेकरांनी, म्हणजे आपणच, एक लक्षात ठेवावं. आपल्या प्रेमाच्या पदार्थांत त्याचं विष असतं. शिऱ्यातला बेदाणा, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे पिठलं नाही, मिसळ नाही, भाजीचा रस्सा नाही. चॉकलेट नाही. सात किलोच्या जिवाला जे जड जातं ते तीस किलोच्या लॅब्राडोरला कदाचित निभावेल, लहान कुत्र्याचा दोष एवढाच की त्याचं वजन कमी. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही त्याला देऊ नका, आयबुप्रोफेन तर मुळीच नाही.

वजनावर लक्ष ठेवायची सोपी युक्ती. हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. आजी-आजोबा असलेल्या घरांत त्या लागत नाहीत! "एक घास दिला तर काय होतंय" असे दिवसातून अकरा घास होतात.

उन्हाळ्यात दुपारी खाली नेऊ नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं. त्यात लहान कुत्र्याचं पोट तापलेल्या डांबराच्या वितीभर अंतरावर. रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही नाही. दाट केसांच्या कुत्र्याला उन्हाळ्यात "गार वाटेल" म्हणून तुळतुळीत भादरू नका, तो केसांचा थर उन्हापासूनही राखतो. विंचरा, रोज.

पावसाळ्यात गोचीड. माझा गाई-म्हशींपासूनचा जुना वैरी. बोटांच्या बेचक्यांत, कानामागे, पट्ट्याखाली रोज हात फिरवा. गोचिडीतून जो ताप येतो त्यात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि उशीर झाला तर जातं. औषधाचे थेंब किंवा गोळी डॉक्टर सांगतील तशी, त्याच्या वजनाच्या मापानं. गाईवर मारायचं औषध पाणी घालून कुत्र्याला चोळणारे लोक आहेत, हात जोडतो, तसं करू नका.

लहान तोंडात दात दाटीनं असतात, म्हणून लहान कुत्र्यांचे दात लवकर किटतात. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते. आपली चालत नाही. आणि मादी असेल तर शस्त्रक्रिया करून घ्या. न केलेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू होतो, तो फार वाईट आजार. टिंगीची झालेलीच होती.

आता ज्यासाठी सगळ्यांनी, कुत्रं असो वा नसो, कान देऊन ऐकायचं ते. रेबीज. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगाला जवळपास इलाज नाही. आणि लक्षणं दिसायच्या आधी पूर्ण इलाज आहे. १८८५ साली पाश्चरनं नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, तेव्हापासून आहे. कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढे दर वर्षी. कार्ड जपून ठेवायचं. पिल्लाला त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांपासून, पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी असतातच. आणि कुठलंही कुत्रं कुणाला चावलं, नुसतं दात लागला, तरी हळद नाही, चुना नाही, मिरची नाही. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. मुलांनो, घरी ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही. आई-बाबांनो, तुम्ही ओरडायचं नाही, म्हणजे ती लपवणार नाहीत.

सोसायटीचं थोडं बोलतो. मागच्या सर्वसाधारण सभेत या विषयावर काय झालं ते इतिवृत्तात आहे, मी ते उकरत नाही. कायद्याचं एवढंच सांगतो, की भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानंसुद्धा कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळी फी लावता येत नाही. हे ऐकून कुत्रेवाले खूश झाले, पण त्यांना तिथंच थांबता येणार नाही. पट्टा बांधणं, केलेली घाण उचलणं, दिवसभर भुंकणारं कुत्रं बंद घरात न ठेवणं, हे त्यांच्याकडेच लागतं. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री चालतात आणि लिफ्टमध्ये एक चालत नाही, असं मी गमतीनं म्हणतो. पण लिफ्टमध्ये ज्यांना भीती वाटते त्यांची भीती खोटी नाही. कुणी दहा वर्षांचं असताना चावा खाल्लेला असतो. कुत्र्यासह आत शिरण्याआधी "येऊ का?" एवढं विचारा, नाही म्हणाले तर पुढची लिफ्ट घ्या. आपले पहिल्या मजल्यावरचे आजोबा आधी टिंगी दिसली की भिंतीला चिकटायचे. काकू दर वेळी चार पावलं मागे थांबायच्या. आठ-नऊ महिने झाले. आता आजोबा थांबतात आणि टिंगी जाईपर्यंत छत्री पुढे धरतात. प्रगती आहे.

वेळ होत आली, तरी चिठ्ठीवर आलेले दोन प्रश्न घेतो. पहिला, "आम्ही दोघं नोकरी करतो, मग आम्ही कुत्रं पाळायचंच नाही का?" पाळा ना. पण मोठं झालेलं घ्या, दुपारी येऊन फिरवणारं माणूस आधी ठरवा, आणि पहिले दहा दिवस दोघांनी आळीपाळीनं रजा काढा. रजा मिळत नसेल तर ती मिळेपर्यंत थांबा. दुसरी चिठ्ठी मुलाच्या अक्षरात आहे. "कुत्र्याला आपली भाषा कळते का?" थोडे शब्द कळतात, आवाजाचा चढउतार पुष्कळ कळतो. टिंगी काकूंचं भजन सुरू झालं की दाराशी जाऊन बसते, कारण भजन संपलं की काकू खाली निघतात. तिला भजन कळतं का ते काकूंना विचारा.

आणि ही सूचना. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मागच्या पार्किंगमध्ये रेबीज लसीकरण ठेवलंय. आपल्या घरांतली अकरा कुत्री आणि गेटवरची तिन्ही. येताना जुनं कार्ड आणा, कुत्र्याला पट्टा बांधून आणा, आदल्या रात्री पोटभर श्रीखंड-पुरी खिलवू नका. गेटवरच्या काळ्याला धरायला दोन धीराची माणसं लागतील. नावं वॉचमनकडे द्या.